चूल वेगळी, कणगी एक : चुलीच्या शब्दांचा इतिहास

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सीमाभागातील एका दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा चालू होता. तीन भावांपैकी मधला भाऊ वारला होता आणि त्याच्या विधवेने शेतजमिनीत हिस्सा मागितला होता. थोरल्या दिरांचे म्हणणे असे की कुटुंब फार पूर्वीच विभक्त झाले, त्यानंतर घेतलेली जमीन आमची एकट्याची. तिच्यावर भावजयीचा हक्क नाही. वादी असलेल्या या वृद्ध बाईंच्या वतीने आम्ही उभे होतो. उलटतपासणीत त्यांना विचारले गेले, "तुमची चूल वेगळी होती की नाही?" बाईंनी सरळ उत्तर दिले, "व्हय, चूल येगळी हुती."

साक्ष मराठीत होत होती आणि कानडीत लिहून घेतली जात होती. कागदावर उतरले ते वाक्य असे : साक्षीदार व तिचा पती लग्नानंतर काही वर्षांनी कुटुंबातून विभक्त झाले. एका शब्दाने संपूर्ण दावा कलंडला होता, आणि आम्हाला त्या क्षणी ते जाणवलेही नाही. तो शब्द न्यायालयात कसा सावरला गेला ते शेवटी सांगू. तोपर्यंत प्रश्न उरतो तो असा : 'चूल' या दोन अक्षरी शब्दात असे काय आहे की त्याच्या भाषांतराने एखाद्याची जमीन जावी? गेली अनेक वर्षे हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे, म्हणून चुलीच्या शब्दांचा हा मागोवा.

शब्दाचे कूळ

'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली' पासून आला. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत जीवहिंसा घडण्याची जी पाच ठिकाणे सांगितली आहेत, त्या 'पंचसूनां'मध्ये पहिले स्थान चुलीचे आहे. मग जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे. म्हणजे धर्मशास्त्राच्या दृष्टीने घराची मोजणी चुलीपासून सुरू होते. अमरकोशाच्या वैश्यवर्गात चुलीला 'अश्मन्त', 'उद्धान', 'अधिश्रयणी', 'अन्तिका' असे प्रतिशब्द दिले आहेत. त्यांपैकी एकही आज आपल्या तोंडी नाही. टिकला तो 'चुल्ली' हाच.

वस्तू तर शब्दाहूनही जुनी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची मातीची घरे तेथे उघडी झाली आणि त्या घरांत चुलीही सापडल्या. त्या चुली पेटवणाऱ्या बाया कोणती भाषा बोलत होत्या हे माती सांगत नाही. परंतु मातीचा कठडा, मध्ये जाळ आणि वर भांडे, ही मांडणी तीन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

मराठी माणूस जेथे जेथे स्थायिक झाला तेथे या शब्दाला त्याच्या नात्यातील माणसे भेटली. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या घरांत शेजारीण 'चूल्हा' म्हणते, वडोदऱ्यात 'चूलो' म्हणते. दोन्ही एकाच 'चुल्ली'ची लेकरे. दक्षिणेकडे मात्र घराणे बदलते. कानडीत चुलीला 'ओले' म्हणतात, तेलुगूत 'पोय्यि'. हे द्राविडी शब्द असून त्यांचा चुल्लीशी संबंध नाही. हैदराबाद आणि बेळगाव येथील मराठी कुटुंबे अशा ठिकाणी राहतात की जेथे घरात 'चूल' आणि शेजारी 'ओले' किंवा 'पोय्यि' पेटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या. चुलीच्या नावांना ती तारीख कधी कळली नाही.

रांधणे या क्रियापदाचीही अशीच कथा आहे. देशावरच्या मराठीने 'स्वयंपाक' हा शब्द पत्करला. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यामागे सोवळ्या-ओवळ्याचा, दुसऱ्याच्या हातचे न खाण्याचा विचार होता हे विसरता येत नाही. 'रांधणे' मात्र कडेला सरकले. गोव्यात आणि मालवणी मुलखात 'रांदप' आजही रोजचा शब्द आहे. दुसऱ्या टोकाला गुजरातेत श्रावणातील शीतळासातमीच्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. आणि अन्न शिजवून ठेवण्याच्या त्या आदल्या दिवसाला 'रांधणछठ' असे नाव आहे. वडोदऱ्याच्या मराठी घरातील सून आणि पणजीची गृहिणी एकमेकींना कधी भेटल्या नसतील, पण क्रियापद दोघींना ओळखीचे आहे. मधल्या देशावर ते 'रांधा, वाढा, उष्टी काढा' या वाक्प्रचारात, बाईच्या कष्टांची साक्ष देत, तग धरून आहे.

चुलीचे अवयव

आज शहरी वाचकाला चूल म्हणजे एक वस्तू वाटते. जिने ती रोज सारवली तिच्या दृष्टीने मात्र ती अनेक अवयवांची होती आणि प्रत्येक अवयवाला नाव होते. तोंडातून लाकूड आत सारायचे. भांडे टेकण्यासाठी वर तीन उंचवटे, म्हणजे भांडे आणि कठडा यांच्यात जाळाला वाट राहते. शेजारी जोडलेले दुसरे लहान तोंड म्हणजे 'वैल'. वैलात वेगळे लाकूड घालत नसत. मुख्य चुलीचा जाळ आतल्या भोकातून तेथे पोहोचे आणि तेवढ्या आचेवर वरण मंद शिजत राही किंवा दूध तापत राही. चुलीच्या कडेचा उंचवटा म्हणजे 'भाणवस', कोठे 'भाणुशी'. तेथे मिठाचे भांडे, तेलाची बुधली, उतरवलेली भांडी. तयार झालेले निखारे पुढे ओढले की तो 'आर'. तव्यावरची भाकरी अर्धी भाजून आरासमोर उभी केली की टम्म फुगे.

मग साधने : फुंकणी, चिमटा, सांडशी, पोतेरे. मग इंधन : सरपण, जळण, लाकूडफाटा, काटक्या, चिपाडे, तुराट्या. शेणाच्या गोवरीला आमच्या भागात 'शेणी' म्हणतात, माळव्यात 'कंडे', गुजरातेत 'छाणां', कानडीत 'कुळ्ळु', तेलुगूत 'पिडक'. मग जे उरते ते : राख, काजळी, राखुंडी. भांडी घासायला राख, दात घासायला राखुंडी, धान्याला कीड लागू नये म्हणूनही राख. आणि जे वाढते ते : उसाच्या गुऱ्हाळातील 'चुलवाण'. कोल्हापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जमिनीत खणलेल्या त्या प्रचंड चुलीवर काहील चढवून, उसाचीच चिपाडे जाळून रस आटवतात. गुळव्या काहिलीतील रसाचा रंग पाहून जाळ कमी-अधिक करायला सांगतो.

विस्तव विझला तर शेजारून आणायचा. आमच्या लहानपणी पलीकडच्या कानडी घरातून शेणीच्या तुकड्यावर निखारा आणलेला आम्हाला आठवतो. पुढे काड्यापेटी प्रत्येक घरी आली आणि ही ये-जा थांबली. तरी काड्यापेटीतही शेजार टिकला. मराठीत 'काड्यापेटी', कानडीत 'कड्डी पेट्टिगे'. मराठीत 'आगपेटी', कानडीत 'बेंकी पेट्टिगे'. दोन्ही भाषांनी एकाच परक्या वस्तूला दोन-दोन नावे दिली आणि दोन्ही वेळा एकाच रीतीने विचार केला.

निखाऱ्यांची गाडी

लाकडाच्या चुलीनंतर कोळशाच्या शेगडीकडे यावे लागते, आणि तेथे मराठीतील एक सुंदर शब्द आपली वाट पाहत असतो.

अमरकोशात चुलीच्या पाठोपाठ उचलून नेण्याजोग्या अग्निपात्राची नावे येतात : 'अंगारधानिका', 'अंगारशकटी', 'हसन्ती'. हसन्ती म्हणजे हसणारी. राखेआडून लालसर हसणारे निखारे ज्याने पाहिले त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. अंगारशकटी म्हणजे निखाऱ्यांची गाडी. शकट म्हणजे गाडा, शकटी म्हणजे लहान गाडी. प्राकृतात 'शकटी'ची 'सगडी' झाली. गुजरातीने ती 'सगडी' तशीच ठेवली, मराठीत ती 'शेगडी' झाली. चूल जागची हलत नाही. शेगडी ओसरीवर नेता येते, बाळंतिणीच्या खोलीत नेता येते, पावसात आत घेता येते. चालत्या वस्तूला गाडीचे नाव मिळाले हे योग्यच झाले.

उत्तरेत मात्र दुसरा शब्द रुजला. संस्कृत 'अग्निष्ठिका' पासून हिंदीत 'अँगीठी' आली, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत तेथील मराठी मंडळींनीही अँगीठीच शेकली. गंमत अशी की हाच शब्द दक्षिणेत कानडीने 'अग्गिष्टिके' म्हणून स्वीकारला. म्हणजे या बाबतीत हिंदी आणि कानडी एकीकडे, गुजराती आणि मराठी दुसरीकडे. भाषांची नाती नकाशावरील रंगांप्रमाणे चालत नाहीत, याचा याहून घरगुती पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

शहरातील नेहमीची शेगडी जुन्या बादलीची असे. बादलीला खाली एक चौकोनी तोंड पाडायचे, मध्ये लोखंडी जाळी बसवायची आणि आतून मातीचा जाड लेप द्यायचा. जाळीवर कोळसा, खालच्या तोंडातून वारा, राख आपोआप खाली. 'बादली' हा शब्द पोर्तुगीज 'बाल्दे' पासून आलेला. ज्या घमेल्यात माती कालवली ते 'घमेले'ही पोर्तुगीज 'गामेला'चे. म्हणजे अमरकोशातील शकटी पोर्तुगिजांच्या बादलीत बसून आपल्या ओसरीवर आली. तिच्यात पडे तो 'लोणारी कोळसा', लाकूड अर्धवट जाळून केलेला. कोळसा पाडणाऱ्या लोणारी समाजाचे नाव त्या इंधनाला कायमचे चिकटले. खाणीतून येतो तो 'दगडी कोळसा'. दोन्ही कोळशांना दोन स्वतंत्र विशेषणे लावून मराठीने एकाचा इतिहास माणसाशी जोडला, दुसऱ्याचा भूगर्भाशी.

लाकडाच्या वखारी जेथे होत्या तेथे भुश्याची शेगडीही होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध एक बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद वर काढून घ्यायची. मध्ये राहिलेल्या पोकळीत खालून जाळ लावला की भुसा आतून कडेकडे हळूहळू जळत जातो. फुंकणी लागत नाही, सारखे लक्ष द्यावे लागत नाही. भुसा ठासणे हे मुलांचे काम होते आणि ते नीट न झाल्यास भुसा ढासळून स्वयंपाक अडत असे. त्याबद्दलची बोलणी आम्ही खाल्ली आहेत.

अंघोळीच्या पाण्याचा 'बंब' हाही असाच प्रवासी. तांब्याच्या उभ्या भांड्याच्या मधून नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. शब्द मात्र पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पाण्याचा पंप. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण 'बंब'च म्हणतो. एकच शब्द आग विझवणाऱ्या यंत्राला आणि आग पेटवून पाणी तापवणाऱ्या भांड्यालाही लागू झाला. गोव्याने आणखी एक देणगी दिली : पावाची भट्टी आणि ती पेटवणारा 'पदेर'. 'पदेर' पोर्तुगीज 'पादेइरो' वरून आला, 'भट्टी' मात्र आपल्याच घरची, संस्कृत 'भ्राष्ट्र' पासून प्राकृतातून उतरलेली.

त्यानंतर आले रॉकेल. दाबाच्या हवेवर चालणारा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास तयार झाला आणि पुढे आपल्या शहरी घरांत भरभरत राहिला. त्याच्या तेलाला मराठीत दोन नावे मिळाली : 'रॉकेल' आणि 'घासलेट'. घासलेट म्हणजे इंग्रजी 'गॅसलाइट'चे रूप. उत्तर कर्नाटकाच्या कानडीत मात्र रॉकेल म्हणजे 'चिमणी एण्णी', ज्या दिव्याला आपण चिमणी म्हणतो त्याचे तेल. बेळगावच्या दुकानात हे तिन्ही शब्द एकाच पिंपापुढे ऐकू येत आणि दुकानदाराला तिन्ही कळत.

धुराचा हिशेब

या शब्दांच्या गोडव्यात एक गोष्ट झाकली जाऊ नये. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जात होता आणि तिच्या छातीत साठत होता. चुलीचे गुणगान बहुधा जेवणाऱ्यांनी केले आहे, फुंकणाऱ्यांनी क्वचितच.

त्या धुराविरुद्धचा लढाही आपल्याच परिसरात सुरू झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून, धुराडे असलेली 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादेत अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले आणि लाखोंच्या स्वयंपाकघरांतून धूर कसा घालवावा यावर १९५३ साली पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारा 'अस्त्र' हा विभाग १९७४ साली सुरू झाला; त्यांच्या तीन भांड्यांच्या सुधारित चुलीचे नाव 'अस्त्र ओले'. पुण्याच्या 'आरती' संस्थेने 'लक्ष्मी चूल' दिली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत चालला.

नावे पाहावीत : वर्ध्याची ती 'चूल', बंगळूरची ती 'ओले'. ज्या बाईपर्यंत वस्तू पोहोचवायची तिच्याच भाषेत शास्त्रज्ञांनी वस्तूचे नाव ठेवले. आमच्या भागात जेव्हा एखादे सरकारी पत्रक लोकांना न कळणाऱ्या भाषेत भिंतीवर चिकटते, तेव्हा आम्हाला ही दोन नावे आठवतात.

पुढे गॅस आला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात दिली गेली, आणि मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने सिलिंडर खेड्यांपर्यंत नेला. तो महाग झाला की परसदारी चूल पुन्हा पेटते हे खरे. पण बाईच्या श्वासाचे मोल ज्याला कळते तो चूल परत यावी असे म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच की वस्तू गेल्यावर शब्दही जावेत काय? 'शेगडी' शहाणी निघाली. ती गॅसची झाली, आता विजेची झाली. निखारा उरला नाही तरी निखाऱ्यांची गाडी चालूच आहे. 'वैल' मात्र मागे राहिला. त्याची जागा 'लहान बर्नर'ने घेतली. 'भाणवस' ओट्यात विरघळली.

कायद्यातील चूल

आता पुन्हा न्यायालयाकडे वळू. चूल ही घराची खूण आहे हे सर्वांना मान्य असते. 'वेगळी चूल मांडली' म्हणजे फुटून निघाला, 'एका चुलीवर जेवतात' म्हणजे एकोपा आहे. गावकीची वर्गणी 'चुलीमागे' ठरते. सगळ्या घराला जेवणाचे बोलावणे असले की ते 'चूलबंद' आमंत्रण. जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या सामाईक स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या माणसांचा गट अशीच आहे.

धर्मशास्त्रानेही ही खूण नोंदवली. नारदस्मृतीत विभक्त झालेल्या भावांची जी लक्षणे दिली आहेत त्यांत 'पाक' वेगळा असणे हे एक आहे. त्यासोबत धर्मकृत्ये, मिळकत आणि खर्च वेगळा असणे हीही लक्षणे आहेत. वाटणीचा विचार करणारी 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याण येथे लिहिली. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आपल्या सीमाभागातलेच. तेथे लिहिलेला ग्रंथ पुढे मराठी घरालाही लागू झाला आणि कानडी घरालाही. एकाच ग्रंथाने आपल्या दोघांच्या आजोबांची शेते वाटली आहेत.

आधुनिक न्यायालयांनी यातून काढलेला सिद्धान्त स्पष्ट आहे. हिंदू कुटुंब अन्न, पूजा आणि मालमत्ता या तिन्ही बाबतींत एकत्र आहे असे गृहीत धरले जाते. स्वयंपाक वेगळा होणे हा विभक्ततेचा एक संकेत असू शकतो, पण तेवढ्यावरून वाटणी सिद्ध होत नाही. वेगळे होण्याचा हेतू दिसावा लागतो. घरात माणसे वाढली, सुनांचे पटेना, नोकरीमुळे जेवणाच्या वेळा जुळेनात, अशा कितीतरी कारणांनी चूल वेगळी होते आणि मालमत्ता एकत्रच राहते.

या संदर्भात लोकव्युत्पत्तीचा एक धडाही नोंदवण्यासारखा आहे. त्या बाईंची मुले प्रतिवादीला 'चुलते' म्हणत. आमच्या एका व्यवसायबंधूंनी मधल्या सुटीत गमतीने म्हटले, "ज्याची चूल वेगळी तो चुलता, शब्दातच वाटणी आहे." ऐकायला छान, पण चुकीचे. 'चुलता' या शब्दाचा चुलीशी संबंध नाही. तो संस्कृत 'क्षुल्लतात' पासून, प्राकृतातील 'चुल्ल' म्हणजे धाकटा या रूपातून आला. चुलता म्हणजे धाकटा बाप. जैन प्राकृतात काकाला 'चुल्लपिउ' म्हटले आहे. आणि कानडीत काका म्हणजे 'चिक्कप्प' : चिक्क म्हणजे लहान, अप्प म्हणजे बाप. दोन वेगळ्या भाषाकुळांनी एकाच नात्याकडे एकाच नजरेने पाहिले. ज्या शब्दात आपल्याला वाटणी दिसते त्यात मुळात बापपण आहे.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर कागद सहीसाठी पुढे आला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ६ मध्ये तरतूद आहे की साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत लिहून घेतली गेली आणि साक्षीदाराला ती लिखित भाषा कळत नसेल, तर तिचा अर्थ साक्षीदाराला त्याने साक्ष दिलेल्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. व्यवहारात हा नियम घाईत उरकला जातो, आणि त्या घाईत आम्हीही अनेकदा सामील झालो आहोत. त्या दिवशी आम्ही विनंती केली आणि न्यायाधीशांनी ती तात्काळ मान्य केली. लिहिलेले वाक्य मराठीत वाचून दाखवताच बाई अंगठा मागे घेत म्हणाल्या, "आमी येगळं झालो असं कवा म्हनलं मी? चूल येगळी म्हनलं. चुली तीन हुत्या. कणगी एकच की वो!"

आम्ही फेरतपासणीत विचारले, "आजी, कणगीतलं धान्य कोण मोजून देत होतं?"

"सासूबाई. त्या गेल्यावर थोरली जाऊ. समद्यांना येकच माप."

"आणि गुळाचा पैसा?"

"थोरल्या दिराकडं. कापडचोपड, दवापाणी, समदं तिथनंच."

'चूल तीन, कणगी एक' हे शब्द जसेच्या तसे नोंदले गेले. कानडीत चूल 'ओले' झाली, पण आता ती चूलच राहिली, वाटणी झाली नाही. पहिल्या भाषांतरात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता असे आम्ही आजही मानतो. लिहिणाऱ्याने शब्दाचा अर्थ देण्याऐवजी त्यावरून काढलेला निष्कर्ष लिहिला, इतकेच. 'ओले बेरे' असे शब्दशः लिहिले असते तर कोणत्याही कानडी आजीलाही ते नेमके कळले असते. तिच्या घरीही चुली वेगळ्या आणि कणगी एक असू शकते. दोष आमच्याकडेही होता. दावा लिहिताना आम्ही 'एकत्र कुटुंब' असा कायद्याचा शब्द वापरला, पण चूल आणि कणगी यांचा खुलासा आधी केला नाही. आमची पक्षकार निरक्षर होती, तरी घराचे अर्थशास्त्र तिने आमच्याहून नेमक्या शब्दांत मांडले.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. त्यात कागदपत्रांचा वाटा किती आणि कणगीचा किती, हे निकालपत्रावरून वेगळे काढता येत नाही. जमिनीचा तुकडा लहान होता, पण त्यावर त्यांचे नाव लागले.

तेव्हापासून मराठी साक्षीदार असलेल्या प्रत्येक दाव्यात आम्ही नियम ६चा आग्रह धरतो आणि घरगुती शब्दांची यादी आधी करून घेतो. हेच काम वाचकांनीही आपापल्या ठिकाणी करावे अशी आमची विनंती आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, गोवा किंवा बेळगाव, आपण जेथे असाल तेथे घरातील सर्वांत वडील बाईपाशी बसावे आणि विचारावे : चुलीच्या त्या दुसऱ्या तोंडाला तुम्ही काय म्हणत होता? निखारे पुढे ओढले की त्याला काय नाव होते? शेजारणीकडून विस्तव आणताना तिच्या भाषेत काय मागायचे? जे शब्द मिळतील ते गावाच्या नावासह लिहून ठेवावेत. एखाद्या दिवशी कोणाच्या तरी साक्षीत ते उपयोगी पडतील.